न्यायमूर्ती फ्रँक जॉन्सन: अलाबामातील एका संघीय न्यायाधीशाची कारकीर्द आणि त्यांचे वादग्रस्त निकाल

प्रश्न असा आहे: अलाबामातील संघीय न्यायाधीश फ्रँक एम. जॉन्सन यांना काही जण नागरी हक्कांच्या लढ्यातील सर्वांत धैर्यवान न्यायाधीश मानतात, तर काही जण त्यांना न्यायासनावर बसून राज्यकारभार हाकणारा माणूस म्हणतात. यांपैकी खरे काय, आणि त्यांचे निकाल एवढे वादग्रस्त का ठरले?

माझे मत आधीच सांगतो. जॉन्सन यांच्यावर लिहिताना दोन वेगळे प्रश्न सर्रास एकत्र केले जातात. हक्काचा भंग झाला आहे का, हा पहिला. आणि झाला असेल तर न्यायालयाने कोणाला नेमके काय करायला लावायचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर त्यांनी दिलेली उत्तरे आज बहुतांशी सर्वमान्य आहेत. खरा वाद दुसऱ्या प्रश्नाचा आहे, आणि तिथे त्यांचे बहुतेक आदेश समोर आलेल्या पुराव्याच्या मापाचे होते, मात्र तुरुंगांच्या खटल्यात ते माप काही ठिकाणी सुटले, असे मला वाटते. मी उच्च न्यायालयात जनहित याचिका चालवणारा वकील असल्यामुळे निकालपत्र हाती आले की विवेचनाआधी माझी नजर शेवटच्या आदेशावर जाते. पुढचे विवेचन त्याच सवयीतून आलेले आहे.

भारतीय वाचकाचा एक गोंधळ आधी दूर करायला हवा. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालये असतात आणि अलाबामासारख्या राज्यांत त्यांचे न्यायाधीश निवडणुकीने येतात. संघीय न्यायालये त्यांहून निराळी. त्यांच्या न्यायाधीशांची नियुक्ती राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतात, नियुक्ती तहहयात असते आणि महाभियोगाखेरीज त्यांना कोणी काढू शकत नाही. ‘फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट’ हे नाव ऐकून आपल्याकडचे जिल्हा न्यायालय डोळ्यांसमोर आणू नये. साक्षीपुरावा तिथेच होतो हे खरे, पण राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा आणि राज्यपालावर मनाई हुकूम बजावण्याचा अधिकारही त्याच न्यायालयाला असतो. त्या काळी राज्याच्या कायद्याविरुद्ध घटनेच्या आधारे मनाई मागितली, तर तीन न्यायाधीशांचे विशेष पीठ बसत असे आणि त्याच्या निकालावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जात असे. जॉन्सन यांचे अनेक गाजलेले निकाल अशा पीठांचे आहेत, त्यामुळे सगळे श्रेय किंवा सगळा दोष एकट्या त्यांच्या नावावर टाकणे बरोबर नाही.

त्यांचा जन्म १९१८ मध्ये उत्तर अलाबामातील विन्स्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) झाला. या डोंगराळ भागात मोठे मळे नव्हते आणि गुलामही थोडेच होते. १८६१ मध्ये राज्य संघातून फुटून निघाले, तेव्हा या काउंटीने त्याला विरोध केला होता, आणि शतकभरानंतरही डेमोक्रॅटिक पक्षाच्या एकछत्री राज्यात तिथले लोक रिपब्लिकन पक्षाला मत देत. जॉन्सन यांचे घराणे त्यांपैकीच एक. अलाबामा विद्यापीठात कायदा शिकताना जॉर्ज वॉलेस हा त्यांचा मित्र होता. पुढे हाच वॉलेस राज्यपाल होऊन त्यांचा सर्वांत कडवा टीकाकार बनला. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या आघाडीवर जखमी होऊन परतल्यावर जॉन्सन यांनी जॅस्पर या गावी वकिली केली, १९५३ मध्ये ते बर्मिंगहॅमला संघीय सरकारी वकील झाले आणि तिथे त्यांनी काळ्या मजुरांना वेठबिगारीत ठेवणाऱ्या मळेवाल्यांना शिक्षा मिळवून दिली. १९५५ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना मॉन्टगोमेरी येथे संघीय न्यायाधीश नेमले. तेव्हा त्यांचे वय ३७ होते, आणि बसमध्ये गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी वेगळ्या जागा ठेवण्याविरुद्ध शहरातील काळ्या नागरिकांनी पुकारलेला प्रसिद्ध बस बहिष्कार महिन्याभरातच सुरू व्हायचा होता.

त्या बहिष्कारातून निघालेला ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ हा त्यांच्यासमोर आलेला पहिला मोठा खटला. बसमधली जागा सोडायला नकार दिल्यामुळे जिच्या अटकेतून बहिष्कार सुरू झाला त्या रोझा पार्क्स यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण या दाव्यात त्या वादी नव्हत्या. वकील फ्रेड ग्रे यांनी ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्विन, मेरी लुईस स्मिथ आणि सूझी मॅकडोनाल्ड या चार स्त्रियांच्या वतीने तो दाखल केला होता. कायदेशीर पेच असा होता की, १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता, परंतु वाहतुकीत ‘वेगळे पण समान’ चालते असे सांगणारा १८९६ चा ‘प्लेसी’ निकाल सर्वोच्च न्यायालयाने नाव घेऊन रद्द केलेला नव्हता. खालच्या न्यायालयाने वरच्या न्यायालयाचा जुना निकाल आपणहून मृत समजावा का? तीन न्यायाधीशांच्या पीठातील न्यायमूर्ती लिन यांनी भिन्नमत निकालात ‘नाही’ म्हटले आणि शिस्तीच्या दृष्टीने त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. न्यायमूर्ती रिव्हज आणि जॉन्सन यांनी ‘ब्राउन’मागचे तत्त्व बसलाही लागू होते असे धरले. पीठाच्या प्रथेप्रमाणे मत आधी कनिष्ठाने द्यायचे असल्यामुळे पहिले मत जॉन्सन यांचे होते. जून १९५६ मध्ये २ विरुद्ध १ असा निकाल लागला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि डिसेंबरमध्ये बहिष्कार संपला. जॉन्सन यांच्या अंगणात धमकी म्हणून क्रॉस जाळला गेला आणि मॉन्टगोमेरीच्या गोऱ्या समाजाने या दांपत्याला जवळपास वाळीतच टाकले.

यानंतर त्यांचे चरित्र सहसा एका सरळ वीरकथेसारखे सांगितले जाते. कागदपत्रे मात्र तसे सांगत नाहीत. १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून ती २८ बाजूंची केली, आणि त्या आकृतीत जवळजवळ सगळे काळे मतदार शहराबाहेर गेले, गोरा मात्र एकही गेला नाही. ‘गोमिलियन’ या नावाने ओळखला जाणारा हा दावा जॉन्सन यांनी फेटाळला. शहराच्या हद्दी ठरवणे हा विधिमंडळाचा अधिकार आहे आणि त्यात न्यायालयाला हात घालता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने उलटवला. त्यानंतर प्रकरण परत आल्यावर त्यांनी तो कायदा रद्द केला, पण न्यायालयाच्या मर्यादेविषयीची त्यांची मूळ धारणा किती पारंपरिक होती हे या खटल्यात दिसते.

वॉलेस यांच्या अवमानाचे प्रकरणही असेच आहे. १९५८ च्या सुमारास वॉलेस राज्याच्या न्यायालयात न्यायाधीश होते. संघीय नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीची कागदपत्रे मागितली तेव्हा त्यांनी ती अडवून धरली. जॉन्सन यांनी ती हजर करण्याचा आदेश दिल्यावर वॉलेस यांनी जाहीरपणे छाती पुढे काढली आणि आडमार्गाने कागदपत्रे ग्रँड ज्युरींच्या (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांच्या) हवाली करून ती आयोगापर्यंत पोहोचतील अशी व्यवस्था केली. जानेवारी १९५९ मध्ये जॉन्सन यांनी त्यांना अवमानातून मोकळे केले, कारण आदेशाचे पालन तर झाले होते; मात्र ते कसे झाले हे निकालपत्रात लिहून ठेवले. तुरुंगात जाऊन हुतात्मा होण्याची संधी हुकली आणि वर लपवाछपवीही चव्हाट्यावर आली. वॉलेस हे कधीच विसरले नाहीत. पुढच्या निवडणुकीत संघीय न्यायाधीशांना खोटारडे ठरवणे हा त्यांच्या सभांमधला ठरलेला भाग झाला.

मे १९६१ मध्ये मॉन्टगोमेरीच्या ग्रेहाउंड बसस्थानकावर ‘फ्रीडम रायडर्स’ना, म्हणजे आंतरराज्य बसप्रवासातील वर्णभेद मोडण्यासाठी मिळून प्रवास करणाऱ्या काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांना, जमावाने बेदम मारले, आणि पोलीस तिथे नव्हते. जॉन्सन यांनी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेवर मनाई बजावली, आणि संरक्षण देण्यात कसूर केल्याबद्दल शहराच्या पोलीस अधिकाऱ्यांवरही. पण त्याच आदेशात त्यांनी या प्रवासांचे आयोजन करणाऱ्या संघटनांनाही काही दिवसांपुरते रोखले. मार खाणाऱ्यांनाच थांबवले, ही टीका तेव्हा झाली आणि ती योग्यच होती, असे मी म्हणेन. शांतता आधी आणि हक्काचा वापर नंतर, हा त्या आदेशातला क्रम चार वर्षांनी सेल्माच्या वेळी पुन्हा दिसतो, म्हणून तो लक्षात ठेवायला हवा.

सेल्माचा खटला, म्हणजे ‘विल्यम्स विरुद्ध वॉलेस’, बारकाईने पाहण्यासारखा आहे. ७ मार्च १९६५ रोजी सुमारे ६०० लोक मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून मॉन्टगोमेरीकडे निघाले. एडमंड पेटस पुलापलीकडे राज्य पोलिसांनी आणि शेरीफच्या घोडेस्वारांनी लाठ्या आणि अश्रुधूर वापरून त्यांना मागे हाकलले. दुसऱ्याच दिवशी आंदोलकांनी जॉन्सन यांच्याकडे धाव घेतली. अपेक्षा अशी होती की राज्यावर लगेच मनाई येईल. प्रत्यक्षात सुनावणी पूर्ण होईपर्यंत मोर्चा काढू नये असा आदेश त्यांनी आंदोलकांनाच दिला. ९ मार्चला मार्टिन ल्यूथर किंग पुलापर्यंत गेले, पलीकडे पोलिसांसमोर प्रार्थना झाली आणि सगळे परतले. यावरून तरुण कार्यकर्ते किंग यांच्यावरही रागावले.

सुनावणी ११ मार्चला सुरू झाली आणि काही दिवस चालली. मारहाणीची दूरचित्रवाणीने टिपलेली फिल्म भर न्यायालयात दाखवण्यात आली. ज्यांचे डोके फुटले होते त्या जॉन लुईस यांनी साक्ष दिली. पण वकिलाच्या नजरेने पाहिले तर सर्वांत वजनदार पुरावा आकड्यांचा होता. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत येते, तिथे मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० काळे नागरिक होते आणि त्यांपैकी नोंदणी झालेले जेमतेम ३३५. न्यायालयाने वादींकडून मोर्चाची तपशीलवार योजना मागवली: रोज किती मैल चालणार, मुक्काम कुठे, पाणी, शौचालये, प्रथमोपचार, कचरा. १७ मार्चला आदेश आला. त्याचा गाभा असा की शांततेने जमण्याचा आणि रस्त्यावरून चालण्याचा हक्क किती विस्ताराने वापरू द्यायचा, हे ज्या अन्यायाविरुद्ध तो वापरला जात आहे त्याच्या आकारावरून ठरावे, आणि इथला अन्याय प्रचंड आहे. महामार्ग जिथे दोनच पदरी होता तिथे मोर्चात ३०० पेक्षा जास्त माणसे नसावीत, अशी अटही त्यात होती. वॉलेस यांनी संरक्षणाची जबाबदारी झटकल्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नॅशनल गार्ड हे राज्याचे राखीव सैन्यदल आपल्या हाताखाली घेतले. २१ ते २५ मार्च या काळात सुमारे ५४ मैलांचा मोर्चा पूर्ण झाला.

परिणाम म्हणून हा आदेश मोठा आहे. तत्त्व म्हणून मात्र जॉन्सन यांच्या गाजलेल्या आदेशांत तो मला सर्वांत कच्चा वाटतो. अभिव्यक्तीच्या हक्काचा पाया हाच की, कोणाचे गाऱ्हाणे मोठे आणि कोणाचे क्षुल्लक हे सरकारी यंत्रणेने ठरवायचे नसते, आणि न्यायालयही त्या अर्थाने सरकारी यंत्रणाच आहे. अन्यायाच्या मापाने रस्ता द्यायचा ठरवले, तर उद्या दुसऱ्या न्यायाधीशाला दुसऱ्याच मोर्चाचा अन्याय प्रचंड वाटू शकतो. ही मोजपट्टी नंतरच्या न्यायनिर्णयांत रुजली नाही, आणि ते बरेच झाले. जॉन्सन यांना या तत्त्वाची गरजही नव्हती. पोलिसांचा हिंसाचार, मतदार नोंदणीतील सर्रास अडवणूक आणि तात्पुरत्या मर्यादित मोर्चाची व्यवहार्य योजना एवढ्या आधारावर तोच आदेश देता आला असता. एक लक्षात घ्या: या आदेशावर आक्षेप घेणारे जे बोलतात ते त्या वाक्याबद्दल, आणि आदेशाची बाजू घेणारे बोलतात ते त्यामागच्या पुराव्याबद्दल. दोघे एकमेकांना उत्तर देतच नाहीत.

मोर्चा संपला त्याच रात्री आंदोलकांना गाडीतून पोहोचवणाऱ्या व्हायोला लिउझो यांचा क्लॅनच्या लोकांनी गोळ्या घालून खून केला. राज्याच्या न्यायालयात एकदा ज्युरीचे एकमत झाले नाही आणि दुसऱ्यांदा आरोपी सुटला. मग नागरी हक्क हिरावण्याच्या कटाबद्दल १८७० च्या संघीय कायद्याखाली तीन आरोपींवर न्यायमूर्ती जॉन्सन यांच्यासमोर खटला चालला. ज्युरी अडकल्याचे कळवत होती, तरी त्यांनी तिला पुन्हा विचारविनिमयाला पाठवले. डिसेंबर १९६५ मध्ये तिघेही दोषी ठरले, आणि कायद्यात असलेली कमाल, म्हणजे १० वर्षांची शिक्षा त्यांना झाली. दोनच महिन्यांनी लाउंड्स काउंटीच्या खटल्यात त्यांच्या पीठाने ज्युरीतून काळ्यांना वगळणे तर रद्द केलेच, शिवाय स्त्रियांना ज्युरीवर बसू न देणारा अलाबामाचा कायदाही घटनाबाह्य ठरवला. संघीय न्यायालयाने असा कायदा रद्द करण्याची ती पहिलीच वेळ होती.

शाळांच्या खटल्यात वॉलेस यांनी स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. १९६३ मध्ये टस्कीगीच्या एका शाळेत १३ काळी मुले प्रवेश घेणार होती. स्थानिक शाळा मंडळ तयार होते, पण राज्यपालांनी राज्य पोलीस पाठवून शाळा बंद पाडली. या हस्तक्षेपामुळे अलाबामातील शाळांवर खरे नियंत्रण मंडळांचे नसून राज्याचे आहे हे सिद्ध करायला वादींना आयता पुरावा मिळाला, आणि एका काउंटीचा ‘ली विरुद्ध मेकन काउंटी’ हा दावा मार्च १९६७ मध्ये राज्यातील ९९ शाळा मंडळांना लागू होणारा आदेश बनला. पुढच्याच महिन्यात मॉन्टगोमेरीत जॉन्सन यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. त्या बचावल्या आणि घर सोडून गेल्या नाहीत.

आता ज्या निकालांमुळे त्यांना ‘अलाबामाचा खरा राज्यपाल’ हे टोपणनाव मिळाले त्यांकडे येतो. टस्कलूसा येथील ब्राइस मनोरुग्णालयाचा खटला, ‘वायट विरुद्ध स्टिकनी’, हा मूळचा नोकरीचा तंटा होता. सिगारेटवरील कराचे उत्पन्न घटले म्हणून रुग्णालयातील शंभराच्या आसपास कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले, आणि ते न्यायालयात आले. त्यांच्यासोबत रुग्णांच्या वतीने एक १५ वर्षांचा मुलगाही वादी होता. त्याला मानसिक आजार नव्हता, उनाड म्हणून त्याला तिथे डांबले होते. कर्मचाऱ्यांना नोकरीवर ठेवायचे की नाही हा राज्याचा प्रश्न, पण माणसाला उपचारासाठी म्हणून बंद करून उपचारच दिले जात नसतील तर काय, असा प्रश्न उरला आणि खटला पुढे त्यावरच चालला. मार्च १९७१ च्या निकालपत्रातला तपशील वाचून आजही सुन्न व्हायला होते. सुमारे ५,००० रुग्णांच्या रुग्णालयात थेट उपचार करणारे कर्मचारी होते: डॉक्टरेट असलेला एक मानसशास्त्रज्ञ, मानसोपचाराचे थोडेफार शिक्षण घेतलेले तीन डॉक्टर आणि दोन प्रशिक्षित समाजसेवक.

या खटल्यात त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. हक्क आहे असे सांगून त्यांनी राज्याला मानके ठरवायला आणि अमलात आणायला सहा महिने दिले. राज्याने ते केले नाही. मग तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, केंद्र सरकार आणि व्यावसायिक संघटना न्यायालयाला मदत करायला आल्या आणि बऱ्याच मानकांवर दोन्ही बाजूंची संमती झाली. त्यानंतरच एप्रिल १९७२ चा आदेश निघाला. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, आठ रुग्णांमागे एक शौचालय हवे, प्रत्येक २५० रुग्णांमागे कोणत्या पदावर किती माणसे हवीत, इतकेच काय, नळाला येणारे पाणी किती अंश तापमानाचे असावे, हे सगळे त्यात आहे. पाण्याच्या तापमानाची टीकाकारांनी फार थट्टा केली. मनोरुग्णालयात उकळत्या पाण्याने भाजून माणसे मरू शकतात हे ज्याला ठाऊक आहे, तो ही थट्टा करणार नाही. अपील न्यायालयाने १९७४ मध्ये निकालाचा गाभा कायम ठेवला. खटला मात्र २००३ पर्यंत, म्हणजे जॉन्सन यांच्या मृत्यूनंतरही चालूच राहिला, आणि त्याचे दोन्ही अर्थ लावता येतात: आदेशाची गरज तीन दशके टिकली, किंवा न्यायालयाला त्यातून बाहेर पडण्याची वाट सापडली नाही.

तुरुंगांचा खटला, ‘पग विरुद्ध लॉक’, याच वाटेने गेला आणि तिथे मात्र मी टीकाकारांच्या बाजूला थोडा सरकतो. जानेवारी १९७६ च्या निकालपत्रात ‘डॉगहाउस’ या नावाने कैद्यांना माहीत असलेल्या कोठड्यांचे वर्णन आहे. चार फूट रुंद आणि आठ फूट लांब अशा एका कोठडीत सहा माणसे कोंबलेली, खाट नाही, दिवा नाही, पाणी नाही, शौचासाठी जमिनीत एक भोक आणि तेही साफ करायचा नळ बाहेरच्या बाजूला. राज्याच्या वकिलाने स्वतः भर न्यायालयात मान्य केले की ही परिस्थिती आठव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे क्रूर शिक्षेवरील बंदीचा, भंग करते. एवढे कबूल झाल्यावर हक्काबद्दल वाद उरतच नाही. प्रत्येक कैद्याला किमान ६० चौरस फूट जागा, तुरुंगांचे वर्गीकरण, काम आणि शिक्षणाच्या संधी आणि देखरेखीसाठी ३९ सदस्यांची मानवी हक्क समिती, असा आदेश झाला. वॉलेस यांनी संघीय न्यायाधीशाविषयी काटेरी तारेचा एक असभ्य उल्लेख जाहीर सभेत केला तो याच काळात.

अपील न्यायालयाने १९७७ मध्ये मुख्य निष्कर्ष उचलून धरले, पण समिती बरखास्त केली आणि जागेच्या मोजमापाचा फेरविचार करायला सांगितले. मला हे बरोबर वाटते. कोठडीत सहा माणसे नसावीत हे घटना सांगते. प्रत्येकाला नेमके ६० चौरस फूट मिळावेत, हा तज्ज्ञांचा सल्ला आहे. त्याला घटनेचा दर्जा देता येत नाही. समितीबद्दल बोलायचे तर, ३९ माणसांच्या देखरेखीखाली कोणताही तुरुंग अधिकारी काम करू शकत नाही, हे सांगायला अपील न्यायालयाचीही गरज नव्हती. पुढे १९७९ मध्ये जॉन्सन यांनी तुरुंगांचा कारभार नवे राज्यपाल फॉब जेम्स यांच्याकडेच न्यायालयाने नेमलेले प्रशासक म्हणून सोपवला. हा शहाणपणाचा मार्ग होता, कारण त्यामुळे ज्याच्या हाती तिजोरी होती त्याच्याकडेच जबाबदारीही गेली.

राज्य पोलीस दलाच्या भरतीचा १९७२ चा आदेशही वादाचा. दलाच्या ३७ वर्षांच्या इतिहासात एकही काळा शिपाई नव्हता. जॉन्सन यांनी दलात २५ टक्के काळे होईपर्यंत प्रत्येक गोऱ्यामागे एक काळा उमेदवार घ्यावा असे सांगितले. कोट्याला तत्त्वतः विरोध करणाऱ्यांना हा आदेश खटकतो. माझ्या मते शून्य हा आकडाच इथे बोलका आहे, आणि त्यावर सौम्य उपाय सुचवणाऱ्याने तो आधी कधी करून पाहिला होता हेही सांगावे. त्याच वादातून निघालेला बढत्यांसंबंधीचा पुढचा आदेश, जो जॉन्सन यांच्यानंतर आलेल्या न्यायाधीशांचा होता, सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी कायम केला.

न्यायालयीन अतिक्रमणाच्या आरोपाला जॉन्सन यांचे उत्तर असे होते की, अप्रिय निर्णय स्वतः घ्यायचे टाळून राज्याचे अधिकारी ते संघीय न्यायालयाच्या अंगावर ढकलतात, आदेश आला की त्याविरुद्ध भाषण ठोकतात आणि मग निमूटपणे त्याची अंमलबजावणी करतात. आमच्या व्यवसायातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. सुनावणी आटोपल्यावर व्हरांड्यात खात्याचा अधिकारी हळूच म्हणतो, ‘साहेब, कोर्टाकडून तेवढा आदेश घ्या, म्हणजे आमची फाइल हलेल.’ आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये शीला बारसे यांच्या पत्रावरून मुंबईतील पोलीस कोठड्यांमधील स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, स्त्री पोलिसांचा पहारा आणि चौकशीच्या वेळी स्त्री पोलीस हजर असणे, असे नेमके निर्देश दिले. तेही असेच तपशिलात शिरणारे होते. फरक इतकाच की आपल्याकडे असे निर्देश बऱ्याचदा प्रतिज्ञापत्रांवर निघतात, तर जॉन्सन यांच्यासमोर साक्षीदारांची उलटतपासणी झालेली असे. म्हणूनच त्यांचे वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष अपिलात क्वचितच हलले. हलले ते उपाय.

वरच्या न्यायालयांनी त्यांना काय मानले, हे दोन प्रकरणांवरून पाहता येते. १९७२ मध्ये हवाई दलातील लेफ्टनंट शॅरन फ्रंटिएरो यांना, पुरुष अधिकाऱ्याला पत्नीसाठी सहज मिळणारे लाभ पतीसाठी नाकारण्यात आले. तीन न्यायाधीशांच्या पीठाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, जॉन्सन एकटे विरोधात होते, आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांच्या बाजूचा निर्णय दिला. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयच्या संचालकपदासाठी निवडले होते, पण प्रकृतीमुळे त्यांनी माघार घेतली. १९७९ पासून ते अपील न्यायालयात होते. तिथे १९८५ मध्ये त्यांनी ‘हार्डविक’ खटल्यात, प्रौढांच्या खासगी समलिंगी संबंधांनाही गुन्हा ठरवणारा जॉर्जियाचा कायदा मूलभूत हक्कांवर घाला घालतो, असा निकाल लिहिला. या वेळी सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी तो उलटवला, आणि जॉन्सन मर्यादा ओलांडतात असे म्हणणाऱ्यांना हवा तो दाखला मिळाला. तोच कायदा नोव्हेंबर १९९८ मध्ये जॉर्जियाच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे रद्द केला. जॉन्सन जुलै १९९९ मध्ये वारले, आणि १९८६ चा निकाल चुकीचा होता असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जाहीर केले.